सहाशे अकरावी सूचना

सर म्हणाले, दोन्ही टूल्स पंधरा दिवस वापरून बघ,
तक्ता कर, शुक्रवारी दे.
अंबडला, वर्कशॉपच्या डोक्यावर आमचा मजला.
खाली दिवसभर ग्राइंडर,
वर आम्ही सहाजण,
द्राक्षांच्या शीतगृहांचं सॉफ्टवेअर लिहिणारे.

पहिलं टूल तोंडाळ.
कोड न चालवता, नुसता वाचून
त्यानं अकराशे त्रेचाळीस सूचना काढल्या.
या नावाला अर्थ नाही, त्या नावाला शेंडा नाही,
हे फंक्शन पोटात फार ठेवतं,
ही ओळ कधीच चालणार नाही.
पहिल्याच दुपारी मी त्याची निम्मी तक्रार बंद केली,
एका क्लिकमध्ये.
तक्त्यात लिहिलं: आवाज जास्त.

दुसरं मोजकं बोलणारं. नऊच सूचना.
त्या नऊ आपोआप टीमच्या बोर्डावर लागल्या,
प्रत्येकीखाली आमची बोलणी.
तीन फुटांवर बसणारा वैनतेय
मला तिथे 'कृपया खुलासा करावा' असं लिहायचा
आणि मान वळवून विचारायचा, चहा?
सातव्या सूचनेखाली मुबीनानं लिहिलं होतं,
'ही ओळ दौलतची, त्याला विचारा.'
त्याखाली तीन हिरव्या खुणा.
एक माझी.

घरी बाबांना सांगितलं.
चौतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
छापील कागद नजरेखालून घातलेला माणूस.
नोट बाहेर फिरायच्या आधी तिची चूक बघायची, एवढंच काम.
म्हणाले, तुमचं यंत्र माझंच काम करतं की.
मग दाढीवरून हात फिरवत,
आमची टेबलं बदलायचे मधूनमधून.
चूक रोज दिसली की डोळा तिला नक्षी समजतो.

गुरुवारी रात्री मी बंद केलेलं सगळं उघडलं.
सहाशे अकरावी.
तीच ओळ, सातवीतली.
वर दौलतची टीप, इंग्रजी अक्षरांत मराठी:
'he kadhu naka, nantar sangto.'

दौलत पगारे सोडून गेला त्याला दोन वर्षं झाली.
आता पिंपळगावला कांद्याच्या चाळींना पंखे बसवतो.
फोन उचलला तेव्हा मागे कुणीतरी शिडी मागत होतं.
मी ओळ वाचून दाखवली.
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, अगं, तो तर दाराचा अलार्म.
शीतगृहाचं दार उघडं राहिलं तर वाजायचा.
एका रात्री टेस्टिंगला त्रास नको म्हणून
वर 'परत फिर' लिहिलं,
सकाळी काढणार होतो.
सकाळी काय झालं ते आठवत नाही.
आणि हळूच,
कुणाचा माल गेला का गं?

मला माहीत नव्हतं.
अजूनही नाही.
ओझरच्या एका पॅकहाउसची जुनी तक्रार आहे,
'दोनशे पेट्या मऊ पडल्या, कारण कळले नाही,'
तिच्यावर आम्हीच शेरा मारलाय: हाताळणीतील दोष.

शुक्रवारी तक्ता दिला.
किंमत, वेग, भाषा, मराठी अक्षरांशी कसं वागतं, सगळे रकाने भरले.
शेवटी एक रकाना मी वाढवला, 'वाचलं कोणी?'
दोन्हींसमोर रिकामा.
सरांनी त्यावर बोट ठेवलं,
काही बोलले नाहीत,
कागदाची घडी करून खिशात घातली.

जेवणाआधी मी दौलतचं 'परत फिर' पुसलं
आणि खोट्या शीतगृहाचं खोटं दार उघडं ठेवलं.
अलार्म वाजला.
ग्राइंडरच्याही वर, लख्ख, दोन वर्षांनी.

वैनतेयनं आपला फोन चाचपला.
मुबीनानं पर्स उघडली.
बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं,
तुझा ना?

वाजत राहिला.
जागेवरून कुणी उठलं नाही.